आत्यांच्या मापाचा ओटा

लग्न होऊन मी दौंडला गेले तेव्हा सासूबाईंचा चेहरा कळायच्या आधी त्यांची पाठ मला पाठ झाली. रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर. स्वयंपाकाच्या खोलीत भिंतीला टेकवलेला कडाप्प्याचा ओटा, आणि मागं चार माणसं मांडी घालून जेमतेम बसतील एवढी जागा. मामा, म्हणजे माझे सासरे, रेल्वेत सांधेवाले होते. रूळ बदलायचं काम. ड्यूटी कधी पहाटे सुटायची, कधी भर दुपारी. ते आले की त्यांचं ताट, यजमान आले की त्यांचं ताट, मग मला हाक. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्या भिंतीकडं तोंड करून भाकरी थापत राहायच्या आणि झालेली भाकरी न बघताच हात मागं करून ताटात टाकायच्या. तेलाधुरानं पिवळी पडलेली ती भिंत, तिच्यावर एक खिळा, खिळ्याला चहाचं गाळणं. एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर. सगळ्यांचं झालं की आत्या तिथंच खाली बसून जेवायच्या. तोवर मामा बाहेर बाकड्यावर गेलेले असायचे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझी बदली शिरूर तालुक्यात झाली. तोवर यजमानही शिरूरजवळच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागले होते आणि रोज दौंडहून ये-जा करून थकत होते. त्यात मामा रिटायर झाले. क्वार्टर सोडावंच लागणार होतं. शिरूरला रस्त्यापासून थोडं आत एक प्लॉट घेतला होता, तिथं बांधकाम काढलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

त्याच सुमारास यजमान त्यांच्या साहेबांच्या नव्या फ्लॅटच्या कार्यक्रमाला पुण्याला गेले होते. परत आले ते बूट न काढताच पेपरच्या कोऱ्या कडेवर काहीतरी काढायला बसले.

“हे बघ. ओटा भिंतीला नाहीच. स्वयंपाकघराच्या मधोमध. एका अंगाला शेगडी, आणि त्याच ओट्याला लागून जेवायचं टेबल. दगड एकच, सलग. करणारी बाई इकडं उभी, जेवणारे समोर.”

“आणि बेसिन?”

“ते खिडकीशी. दोन पावलं तर हायेत.”

“धूर कुठं जाईल? फोडणीचा ठसका सगळ्यांच्या नाकात.”

“साहेबांकडं वर धुराडं होतं.”

“आपल्याकडं कुठलं?”

मला ते चित्र पटलं नव्हतं. आमच्या ओळखीत कुणाच्याच घरी असला ओटा नव्हता. तो कागद मी घडी करून डब्यावर ठेवला आणि विषय संपला असं धरून चालले.

आत्या बाजूला शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “म्हंजी तोंड माणसांकडं?”

“व्हय, आई.”

“मग तसाच करा.”

आत्या कधी काही मागायच्या नाहीत. घराच्या बाबतीत त्यांना आम्ही रंग विचारला, फरशी विचारली, त्यांचं एकच उत्तर असायचं, “तुमाला आवडंल ते.” त्यामुळं आम्ही दोघंही त्यांच्याकडं बघत राहिलो. त्यांनी शेंगांची टरफलं पदरात गोळा केली आणि म्हणाल्या, “चाळीस वर्सं भिताडाशी बोलले मी. आता बास.”

मग पटण्या-न पटण्याचा प्रश्नच उरला नाही.

मिस्त्रींना मात्र ते अजिबात पसंत नव्हतं. स्वयंपाकघराच्या मधोमध खडूनं आखलेल्या चौकोनाभोवती ते दोनदा फिरले. “वहिनी, घरात समाधी बांधल्यावानी दिसंल हो.” यजमानांनी त्यांना कागद दाखवला. गॅसची नळी फरशीखालून पाइपातून न्यायची, सिलेंडर ओट्याच्या पोटात, त्याला भोकांचं दार. मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले, “करू. पण एकदा झालं की झालं. उद्या नको म्हणलात तर फरशी फोडाय लागंल सगळी.”

उंची किती ठेवायची यावर अडलं. यजमान उंच, मी मध्यम, आत्या तर माझ्या खांद्याला लागायच्या. यजमान म्हणाले, “थापणार आई. तिचंच माप घ्या.” मिस्त्रींनी आत्यांना त्या खडूच्या चौकोनाशी उभं केलं.

“मावशी, भाकरी थापताना हात कसं असत्यात तसं करा.”

आत्या लाजल्या. विटांच्या ढिगाऱ्यात, सिमेंटच्या धुळीत, डोक्यावरचा पदर सावरून त्यांनी हवेतच भाकरी थापली. मिस्त्रींनी त्यांच्या कोपरापासून थोडं खाली टेप धरला. तीस इंच. जेवणाच्या टेबलाची उंचीही तेवढीच असते म्हणे. यजमान एवढे खूश झाले की त्यांनी मिस्त्रींच्या पाठीवर थापच मारली.

नगर रोडवरच्या दगडवाल्याकडून काळा ग्रॅनाइट आणला. सलग एक तुकडा मिळाला नाही, दोन जोडावे लागले. शेगडीचा भाग आणि जेवायचा भाग यांच्यामध्ये एक बारीक सांधा राहिला. त्यात काळी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, तरी ती पुढं झिजली आणि त्या फटीत पीठ बसायचं. दर रविवारी मी सेफ्टी पिनेनं ते कोरून काढायची.

बुद्धपौर्णिमेला वंदना म्हणून आम्ही घरात राहायला आलो. पाहुण्यांनी घर बघितलं ते आधी ओट्यापाशी. कुणी म्हणालं हॉटेलसारखं झालंय, कुणी म्हणालं छान. नणंद म्हणाली, “आई काय करते ते सगळं दिसतंय की आता!” तिला ते बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही.

मामांना टेबल मान्य नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी पाट घेतला आणि ओट्याच्या पलीकडं, भिंतीला टेकून खाली बसले. आम्ही खुर्च्यांवर. आत्यांनी पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि मान वर केली.

“हे कुठं गेले?”

“हितं हाय की,” खालून आवाज आला.

“मला दिसत न्हाई तुमी.”

“मग न दिसू दे. भाकरी टाक.”

आत्यांनी भाकरी दिली, पण त्या दिवशी त्या दुसऱ्यांदा बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मामा येऊन खुर्चीवर बसले. पाय खाली सोडून घास गिळत नाही म्हणून खुर्चीवरच मांडी घालून. पुढं कायम ते तसेच बसले.

अडचणी नव्हत्या असं नाही. डोक्यावरचा पंखा लावला की शेगडीची ज्योत फडफडून विझायची, बंद केला की जेवणारे घामानं निथळायचे. शेवटी एक टेबलफॅन खुर्च्यांच्या मागं जमिनीवर ठेवला. फोडणीचं तेल उडून कधी कुणाच्या ताटात, कधी मुलीच्या वहीवर. लोडशेडिंग तर होतंच. पण पहिली दोनेक वर्षं त्या ओट्यानं आम्हाला जे दिलं ते मी विसरणार नाही. आत्या समोर उभ्या. कुणाला अर्धी भाकरी हवी, कुणाला भाजी-कोरड्यास जास्त झालंय, त्यांना न विचारता कळायचं. शेवटची भाकरी तव्यावर टाकली की स्टूल ओढून त्या स्वतःही बसायच्या, आणि आम्ही कुणी उठायचो नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदाच त्यांना जेवताना बघत होते. त्या फार हळू जेवायच्या.

आणि बोलायच्या. घोडनदीकाठचं, इनामगावाजवळचं त्यांचं माहेर. त्यांची आई लोकांच्या खळ्यावर कामाला जायची. एकदा त्या म्हणाल्या, “जेवाण मिळायचं. पन वाढणारी बाई वरनं टाकायची आन् तोंड फिरवायची. मला लई वाटायचं, आपून खाताना हिनं बघावं येकदा.” मामांनी घास हातातच धरला होता. त्यांनाही हे ठाऊक नसावं. आत्यांनीच मग मामांना विचारलं, “भाजी आळणी झाली का वो?”

भाजी आळणी नव्हती. काही महिन्यांनी खारट होऊ लागली.

आधी दोनदा मीठ. मग चहात साखरेऐवजी मीठ. वय झालं, आपण म्हणतो. मीही म्हणाले. मग त्या माझ्या मुलीला नणंदेच्या नावानं हाक मारू लागल्या. एकदा दुपारी मला म्हणाल्या, “बाई, तुमचं घर मोठं हाय. पन आता मला जायाला पायजे. ह्यांची ड्यूटी सुटंल.” मी हसले. त्या हसल्या नाहीत. दाराशी जाऊन चप्पल शोधत राहिल्या.

पुढच्या मार्च महिन्यात शाळा सकाळची झाली होती. मी बाराच्या पुढं घरी आले तर फाटकापाशीच गॅसचा वास. मामा पुढच्या खोलीत झोपलेले. मी आत धावले. शेगडीची दोन्ही बटणं उघडी होती आणि आत्या ओट्यापाशी उभ्या राहून काडी ओढत होत्या. काडीपेटीच्या उलट्या बाजूवर. गुल नसलेलं टोक. पुन्हा पुन्हा, मन लावून.

मी त्यांच्या हातातली पेटी काढून घेतली. खरं म्हणजे हिसकावली. ओट्याखालचं दार उघडून सिलेंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. आत्या शांतपणे म्हणाल्या, “बसा की. च्या ठेवते.”

मामा उठून आले. वास त्यांना लगेच कळला. ते आत्यांकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, आणि पुन्हा पुढच्या खोलीत जाऊन बसले.

त्याच आठवड्यात यजमानांनी शेगडी मागच्या बोळीत नेली. घराच्या मागं धुणीभांड्यांसाठी एक चिंचोळी जागा होती, तिथं भिंतीला एक फळी ठोकली आणि मधल्या दाराला कुलूप घातलं. त्या दिवसापासून मी भिंतीकडं तोंड करून स्वयंपाक करू लागले. मधल्या ओट्यावर नळी वर यायची तिथं ग्रॅनाइटला भोक राहिलं. त्यावर मी एक स्टीलचं झाकण ठेवलं.

शिरूरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी आत्यांना कंगवा दाखवला, किल्ली दाखवली, हे काय म्हणून विचारलं. किल्लीला त्या म्हणाल्या, “हे ह्यांचं.” डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की हे वाढत जाणार. थांबवता येत नाही.

यजमानांनी विचारलं, “नव्या घरात आणलं म्हणून झालं का?”

“नाही. पण अशा माणसांना जुन्या जागेत जरा सोपं जातं.”

डॉक्टर सहज बोलून गेले. यजमानांच्या डोक्यात मात्र तेवढंच राहिलं. एका रविवारी ते म्हणाले, “आईला दौंडला नेऊन आणू.” मी म्हणाले नको. मामा म्हणाले, “न्हे तिला.” आम्ही एसटीनं गेलो. मुलीला नणंदेकडं ठेवलं.

आमच्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब होतं. उत्तरेकडचे कुणी, माणूस ड्यूटीवर, घरात त्याची तरुण बायको आणि तान्हं मूल. आम्ही दारात उभे राहून मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होतो की आम्ही इथं राहायचो, आईला फक्त एकदा बघायचंय. आमचं बोलणं संपायच्या आत आत्या तिच्या अंगाला घासून आत शिरल्या. सरळ स्वयंपाकघरात. एकदाही न अडखळता. मी मागं धावले. भिंतीला नवा रंग होता, खिळा नव्हता. पण ओटा तोच. आत्यांनी ओट्याखाली हात घातला, पिठाचा डबा तिथंच होता. परात घेतली. नळ सोडला, पीठ भिजवलं.

“आत्या, अहो, दुसऱ्याचं घर आहे,” मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो झटकला.

ती बाई मुलाला कडेवर घेऊन दारात आली होती. म्हणाली, “रहने दो दीदी. बनाने दो माताजी को।” आणि तिनं स्वतः पुढं होऊन शेगडी पेटवून दिली.

पीठ गव्हाचं होतं. आत्यांनी त्याचीच भाकरी थापली. भिंतीकडं तोंड करून, नीट, गोल, कडा न फाटता. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. ज्यांना आता स्वतःची साडीही नेसता येत नव्हती त्या बाईचा हात कुठंही चुकला नाही. मग न बघता त्यांनी भाकरी मागं धरली. घेणारं कुणी नव्हतं. मी उभी होते, यजमान दारात होते, ती बाई होती. पुढं झाले ते मामा. ते त्या दुसऱ्याच्या घरात, फरशीवर मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांवर ती गरम भाकरी घेतली.

मला वाटलं होतं आता त्या शांत होतील आणि आपण निघू. तसं झालं नाही. त्या निघायलाच तयार नव्हत्या. “माझं घर सोडून कुठं न्हेता मला? कोन तुमी?” असं मला, यजमानांना म्हणत होत्या. शेजारपाजारचे जमले. आम्हा दोघांना दोन्ही दंड धरून त्यांना बाहेर काढावं लागलं. यजमान रडत होते आणि ओढत होते. ती परकी बाई दारात उभी राहून म्हणाली, “फिर ले आना कभी।” आम्ही पुन्हा कधी गेलो नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं जुन्या जागेत सोपं गेलं खरं, पण परतल्यावर सगळंच अवघड झालं. आत्या आता आमच्या त्या ओट्याला घाबरू लागल्या. त्याच्यापाशी उभ्या राहायच्या, थापायला हात उचलायच्या, आणि समोर आम्ही बसलेले दिसलो की लाजून पदर पुढं ओढायच्या. “पुरुष मान्सं बसल्यात हितं,” असं मला हळूच सांगायच्या. मग आमच्याकडं पाठ करायच्या. पाठ केली की समोर मोकळी खोली. हातांना काही लागायचं नाही. मग चालायला लागायच्या. ओटा मधोमध, चहूबाजूंनी वाट मोकळी. त्या एक हात ग्रॅनाइटच्या कडेवर ठेवून फेऱ्या घालायच्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. “भिताड कुठं गेलं वो?” असं विचारत.

मामा त्यांच्या मागं चालायचे. पडतील म्हणून. त्यांचेही गुडघे गेलेले. दहा-बारा फेऱ्या झाल्या की ते वाटेत खुर्ची आडवी ठेवायचे, म्हणजे आत्या थांबतील. आत्या खुर्ची बाजूला सारायच्या आणि पुढं जायच्या. मी शाळेतून येऊन हे बघायची आणि मागच्या बोळीत निघून जायची. मुलगी तिच्या मैत्रिणींना घरी आणेनाशी झाली होती. मी तिला कधी कारण विचारलं नाही.

एकदा माझ्या हातून जे झालं तेही सांगायला हवं. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते, त्या ओट्याच्या टेबलाच्या बाजूला मी गठ्ठे मांडले होते. फेरी घालताना आत्यांनी ते हातानं सारत नेले, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सगळे खाली. मी ओरडले. त्यांचं मनगट धरलं, पुढच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. त्या दारावर थापा मारत होत्या. मी पेपर गोळा करत होते. मामा बाजारात गेले होते. ते येईपर्यंत, म्हणजे चांगला पाऊण तास, मी ती कडी काढली नाही. मामांनी काढली. मला ते एवढंच म्हणाले, “तू जरा पड जा.”

त्यानंतर यजमानांनी कारखान्यातून येताना प्लायवूडची एक शीट आणली. मोजमाप न घेता ते काही करत नसत. त्या दिवशीही टेप काढला, ओट्यावर सांध्याच्या रेषेत खूण केली. दोन बाजूंना अँगल लावले आणि ती शीट ओट्यावर उभी ठोकली. शेगडीच्या जागेच्या आणि टेबलाच्या बरोबर मध्ये. वर एक खिळाही मारला.

मी विचारलं, “हे काय करताय?”

“भिंत,” ते म्हणाले.

आत्या आल्या. शीटवर हात फिरवून बघितला. मग पदर खोचला आणि थापू लागल्या. पुढं कित्येक दिवस तेच. मी बोळीतून भाकरी करून आणायची, आम्ही टेबलाच्या बाजूला जेवायला बसायचो, आणि प्लायवूडच्या पलीकडून दगडावर थाप, थाप, थाप असा आवाज यायचा. दिसायचं काही नाही. यजमान ताटावरून मान वर करायचे नाहीत. थोड्या दिवसांनी मामांनी आपली खुर्ची उचलून पलीकडं नेली. मग आम्ही तिघंच इकडं उरलो. पलीकडून मधूनच मामांचा आवाज यायचा, “बास. दोनच पुरं मला.” आणि आत्यांचा, “आजून येक घ्या. लांब जायचंय.”

पावसाळ्यानंतर त्यांचे पाय राहिले. मग हात. पुढच्या खोलीत कॉट टाकली. मी पेज भरवायची. त्या तोंडात धरून ठेवायच्या, गिळायचं कसं ते विसरल्यासारख्या. “गिळा ना आत्या,” मी म्हणायची. कधी प्रेमानं, कधी वैतागून. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. नळी घालता येईल म्हणाले, पण त्यांच्या आवाजातच ते घालू नका असं होतं. यजमानांनी माझ्याकडं बघितलं, मी मामांकडं. मामा म्हणाले, “तिला नका टोचू.” दिवाळीच्या आधी एका सकाळी मी शाळेत जायला निघाले होते तेव्हा त्या गेल्या. त्या वेळी मामा त्यांचे केस विंचरत होते. ते काही वेळ विंचरतच राहिले.

माणसं जमली, जागा पुरेना, म्हणून कुणीतरी प्लायवूड उखडून अंगणात नेऊन टाकलं. शेजारच्या बायकांनी पिठलं-भाकरी आणली, ती त्या ओट्यावर मांडली, लोक उभ्याउभ्यानं जेवले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी आले, पाहुणे गेले. नणंद जाताना म्हणाली, “वहिनी, तुम्ही लई केलं.” मला त्या पाऊण तासाची आठवण झाली.

मामा पुढं दीडेक वर्ष होते. त्यांचं जेवण ते पुढच्या खोलीत मागवून घेत. आम्ही आग्रह केला नाही.

त्यानंतर एकदा सुट्टीच्या दिवशी यजमान ओट्यापाशी उभे होते. स्टीलचं झाकण उचलून त्यांनी त्या भोकात बघितलं. आतली नळी अजून होती.

“शेगडी परत इथं आणू का? तुला बोळीत उकडतं.”

मी हो म्हणणार होते. मग वाटलं, नको म्हणावं. दोन्ही शब्द तोंडाशी आले आणि मी बेसिनपाशी जाऊन भांडी विसळत बसले. त्यांनी झाकण जागेवर ठेवलं.

मुलगी आता पुण्याला शिकायला आहे. टेबलाच्या बाजूला आम्ही दोघं जेवतो, दुसऱ्या बाजूला माझ्या वह्यांचे गठ्ठे असतात. शेगडी मागंच आहे. मला काही ठरवता आलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.